आधीं पेटी, कीं आधीं प्राणी?

गेल्या पाडव्याच्या सुमारास मंगळवार पेठेंतील जुन्या सामानाच्या एका दुकानांतून मीं काचेची एक पेटी विकत आणली. लांबी तीन फूट, रुंदी व उंची दीड दीड फूट; एका कोपऱ्यांत बारीकसा तडा, आणि आंतल्या अंगास पाण्याच्या रेषेवर क्षाराचा पांढरा थर. पूर्वी तींत मासे ठेवलेले असावेत. माझ्या नातवाच्या मनांत मात्र मासे नव्हते. शाळेच्या वाचनालयांतील एका सचित्र पुस्तकामुळें त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांचा छंद लागला होता, आणि असा एखादा प्राणी घरीं पाळावयाचा हा त्याचा हट्ट मोडणें आम्हां कोणालाच साधलें नव्हतें. पैसे मोजतांना दुकानदारानें सहज विचारलें, "मास्तर, हिच्यांत ठेवणार काय?" मीं उत्तर दिलें, "तें आतां ठरवावयाचें आहे."

घरीं येईपर्यंत तें उत्तर माझ्याच कानांत खटकूं लागलें. जन्मभर मुलांना इतिहास शिकविला. आधीं काय घडलें आणि मागाहून काय घडलें याचा क्रम लावणें हाच माझा धंदा. येथें तर मीं क्रम सरळ सरळ उलटा लावला होता. घर आधीं घेतलें होतें, आणि त्यांत राहणारा कोण याचा शोध मागाहून करावयाचा होता. मग सवयीप्रमाणें जुनीं पुस्तकें काढलीं, आणि असा उलटा क्रम लावणारे लोक पूर्वी कोण होऊन गेले व त्यांच्या पेट्यांतील प्राण्यांचें पुढें काय झालें, हें पाहूं लागलों. तोच वृत्तांत आज आपणांस सांगावयाचा आहे.

आरंभास फार दूर जावयास नको. आपला सोलापूरचा भुईकोटच घ्या. एका अंगास सिद्धेश्वराचें तळें आणि उरलेल्या बाजूंस खंदक. लहानपणीं वडील माणसें आम्हांला सांगत कीं, या खंदकांत मगरी सोडलेल्या असत. पुष्कळ भुईकोटांविषयीं हीच गोष्ट सांगतात, आणि ती ऐकतांना अंगावर कांटा उभा राहतो हें खरें. परंतु तोच प्रसंग जरा मगरीच्या बाजूनें पाहा. मगरीला ऊन खात पडून राहण्यासाठीं उतरता कांठ लागतो, आणि अंडीं घालण्यासाठीं उकरतां येईल अशी माती लागते. खंदक हा शत्रूसाठीं खणलेला; त्याच्या भिंती उभ्या व दगडी, आणि त्यांच्यावरून कोणासही वर येतां येऊं नये हाच त्यांचा गुण. जो गुण शत्रूला अडवितो तोच मगरीलाही अडविणार. एखादी मगर अशा जागीं कांहीं काळ जगेल, पण तिचा वंश तेथें वाढणें कठीण. म्हणून मी ती गोष्ट गोष्ट म्हणूनच ऐकतों.

तीच कथा विहिरींतल्या कासवाची. पाणी निर्मळ राहावें म्हणून बांधीव विहिरींत कासव सोडण्याची रीत आपल्या खेड्यापाड्यांत होती. सोडणाऱ्याची भावना वाईट नसे; देवळाच्या सभामंडपांत पाषाणाचें कासव आणि विहिरींत जिवंत कासव, दोन्हींकडे आदरच. तथापि पाण्यांतलें कासवही अंडीं घालण्यास जमिनीवरच येतें, आणि बांधीव विहिरीच्या कांठावर तें येणार कसें? आणि गारुड्याची टोपली तर आपणां सर्वांच्या पाहण्यांतली आहे. ती नागाच्या मापानें विणलेली नसते. गारुड्याच्या खांद्यावरील कावडीच्या मापानें विणलेली असते. दांत उपटलेला नाग त्या टोपलींत फार दिवस काढीत नाहीं, आणि मग टोपली तीच राहते व नाग नवा येतो.

इतरांचे दोष काढतांना स्वतःचा लपवूं नये. मी नऊ-दहा वर्षांचा असतांना बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत एक सरडा ठेवला होता. झाकणास खिळ्यानें भोंकें पाडलीं, आंत हिरवा पाला घातला, दोन नाकतोडे सोडले आणि मोठ्या अभिमानानें तो डबा पत्र्याच्या पडवीवर ठेवून शाळेंत गेलों. चैत्र संपत आला होता. दुपारीं परत येऊन पाहतों तों सरडा ताठ झालेला. आईनें विचारलें, "अरे, सावलींत का नाहीं ठेवलास?" मीं म्हटलें, "त्याला ऊन आवडतं ना." माझें म्हणणें खोटें नव्हतें; तें अर्धें होतें.

या अर्ध्या सत्यापाशीं क्षणभर थांबलें पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास त्यावरच फिरतो. आपलें शरीर आपली ऊब आंतल्या आंत निर्माण करतें. साप, सरडा, पाल, कासव यांना ती बाहेरून घ्यावी लागते. सकाळीं सरडा कुंपणावर ऊन घेत बसतो, आणि अंग पुरेसें तापलें कीं पानांच्या सावलींत शिरतो. दिवसभर त्याची अशी ये-जा चालू असते. म्हणजे त्याला नुसती उष्णता नको असते; उष्ण जागा आणि थंड जागा या दोन्ही हाताशीं असाव्या लागतात. ज्या पेटींत हें जाणें-येणें नाहीं ती कितीही सुंदर असली तरी माझ्या बिस्किटाच्या डब्याचीच बहीण होय.

आतां काचेच्या पेटीचा उगम. लंडनमध्यें नाथानिएल बॅगशॉ वॉर्ड नांवाचे एक डॉक्टर राहत असत. इसवी सन १८२९ मध्यें त्यांनीं एका पतंगाचा कोश ओलसर मातींत घालून झांकणाच्या बाटलींत ठेवला. पतंगाची वाट पाहत असतां त्या मातींत नेच्याचें एक रोप व थोडें गवत उगवलें. बाहेर बागेंत लंडनच्या धुरानें नेचे मरत, आणि बंद बाटलींत मात्र एक नेचा खुशाल वाढत होता! त्यावरून वॉर्डसाहेबांनीं वनस्पतींसाठीं काचेच्या बंद पेट्या करविल्या. पुढें रॉबर्ट फॉर्च्यून यांनीं चीनमधून चहाचीं हजारों रोपें हिंदुस्थानांत आणलीं तीं अशाच पेट्यांतून. आपल्या सकाळच्या चहाचें थोडेंसें ऋण त्या फसलेल्या पतंगाकडे जातें म्हणा ना! त्यानंतर १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस यांचें मत्स्यपेटीवरील पुस्तक निघालें आणि इंग्लंडांतील दिवाणखान्यांत मासे पाळण्याची लाट आली. लाट ओसरली तेव्हां घरोघर गळक्या पेट्या उरल्या. नेच्यांची पेटी, माशांची पेटी, आणि ती निकामी झाली कीं बेडकांची वा सरड्यांची पेटी, अशी ही वंशावळ आहे. माझ्या मंगळवार पेठेंतल्या खरेदीला इतका जुना आधार सांपडेल असें मला वाटलें नव्हतें.

घरांतील लोकांनीं जें केलें तेंच मोठ्या संस्थांनींही केलें. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८४९ सालीं सरपटणाऱ्या प्राण्यांचें घर उघडलें. असें स्वतंत्र घर जगांत तें पहिलेंच. परंतु तें नव्यानें बांधलेलें नव्हतें. हिंस्र श्वापदांची जुनी इमारत होती, तिचीच डागडुजी करून तींत काचेचीं दालनें बसविलीं होतीं. वाघ-सिंहांच्या जागीं नाग आणि अजगर आले. तीन वर्षांनीं, १८५२ च्या ऑक्टोबरांत, तेथील गर्लिंग नांवाचा एक रक्षक रात्रभर मद्य घेऊन सकाळीं कामावर आला आणि नागाच्या दालनांत हात घालून त्याच्याशीं खेळूं लागला. नागानें त्याच्या नाकास दंश केला व तो रुग्णालयांत मरण पावला. या मृत्यूचा दोष मी जुन्या इमारतीवर ढकलणार नाहीं; तो मद्याचा होता. मात्र नाग ही काचेआडची शोभेची वस्तु नव्हे, हें त्या दिवशीं लंडनला कळलें.

पुढें १८८३ मध्यें सर्पगृहासाठीं नवी इमारत उभी राहिली, आणि मौज अशी कीं १९२७ मध्यें तीही पक्ष्यांच्या वाट्यास गेली. म्हणजे सिंहाचें घर सापाला आणि सापाचें घर पक्ष्याला! भाड्याच्या वाड्यांत बिऱ्हाडें बदलावीं तसा हा प्रकार आहे.

१९२७ सालीं मात्र एक निराळी गोष्ट घडली, आणि ती घडविणारी एक स्त्री होती. जोन बोशॅम्प प्रॉक्टर या बाई १९२३ पासून त्या संग्रहालयाच्या सरीसृप विभागाच्या प्रमुख होत्या. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. जन्म १८९७ चा. प्रकृति लहानपणापासून इतकी नाजूक कीं नेहमींचें महाविद्यालयीन शिक्षणही झालें नाहीं. त्यांनीं सर्पगृहाची जी नवी इमारत करविली तिचा विचार प्राण्यापासून सुरू झाला होता. सगळें घर एकसारखें तापवावयाचें ही जुनी पद्धत टाकून त्यांनीं दालनागणिक विजेची निरनिराळी ऊब दिली, आणि एकाच दालनांत ऊन कोपरा व गार कोपरा ठेवला. साध्या कांचेंतून सूर्याचे जे अतिनील किरण येत नाहींत ते येऊं देणारी खास कांच बसविली. कारण त्या किरणांवांचून पुष्कळ सरड्यांचीं व कासवांचीं हाडें ठिसूळ होतात. पाहणाऱ्यांनीं अंधारांत उभें राहावें आणि उजेड प्राण्यावर असावा, अशी योजना केली. त्याच वर्षीं कोमोडो बेटाकडील दोन प्रचंड घोरपडी तेथें आल्या. त्यांपैकीं सुंबावा नांवाची घोरपड या बाईंच्या मागोमाग पाळीव कुत्र्यासारखी हिंडे, आणि लोक थक्क होऊन पाहत. १९३१ मध्यें, चौतिसाव्या वर्षीं, प्रॉक्टरबाई वारल्या. माझ्या मतें पेटीचा इतिहास त्यांच्या आधींचा आणि त्यांच्या नंतरचा असा दोन भागांत लिहावा.

आतां आपल्या देशाकडे वळूं. मुंबईच्या परळ भागांत एक जुना वाडा आहे. मुळांत तो पोर्तुगीज काळांतील ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ. पुढें तो इंग्रज गव्हर्नरांचा निवास झाला आणि मठाच्या देवघराच्या जागीं मेजवान्या व नाच होऊं लागले. १८८२ मध्यें गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी तेथें पटकीनें वारल्या, आणि त्यानंतर गव्हर्नर मलबार टेकडीकडे राहावयास गेले. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला, डॉ. हाफकीन यांनीं लस शोधली. आणि १८९९ च्या ऑगस्टांत त्यांची प्रयोगशाळा या रिकाम्या वाड्यांत आली. १९२५ पासून तिला हाफकीन संस्था म्हणतात. याच संस्थेंत पुढें सर्पदंशावरील औषध तयार होऊं लागलें, आणि त्यासाठीं साप पाळावे लागले. सापाचें विष काढावयाचें, तें थोडें थोडें घोड्यास टोंचावयाचें आणि घोड्याच्या रक्तांत जो प्रतिकार उत्पन्न होतो त्यापासून औषध करावयाचें, अशी ती रीत.

ज्यांच्या दंशानें आपल्याकडे सर्वांत अधिक माणसें मरतात ते साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें. बोलतांना आपण त्यांना एका दमांत मोजतों, पण त्यांना एका पेटींत ठेवतां येईल काय? मण्यार इतर सापांनाच खाते. तिला शेजारी देणें म्हणजे तिला जेवण देणें. घोणस अंडीं घालीत नाहीं, जिवंत पिलांना जन्म देते, आणि तींही एका वेळीं वीस-चाळीस. फुरसें हें कोरड्या, दगडाळ माळाचें जनावर. ओल त्याला सोसत नाहीं. नागाला लपावयास बीळ हवें. मठ काय, नाचघर काय, जुना वाडा कसाही असो. आंतली पेटी मात्र एकेका सापाचा स्वभाव पाहूनच करावी लागते. परळच्या गोष्टींतून मला मिळालें तें हें: वापरलेलें घर वाईट नव्हे, पण राहणाऱ्याचा स्वभाव जाणून तें बदलण्याची तयारी हवी.

पुण्याचा एक प्रसंग येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९८० च्या जानेवारींत नीलिमकुमार खैरे हे बहात्तर विषारी सापांसह काचेच्या खोलींत बहात्तर तास राहिले. साप विनाकारण चावत नाहीं हें लोकांना डोळ्यांनीं दिसावें, हा त्यांचा हेतु. येथें तर क्रम पुराच उलटला: पेटी सापांची आणि पाहुणा माणूस! पुढें १९८६ मध्यें कात्रजला सर्पोद्यान उभें राहिलें तें त्यांच्याच खटपटीनें. पुष्कळ पुणेकरांना साप जवळून, आणि न मारतां, पाहावयास मिळाला तो तेथें.

इतकें वाचून झाल्यावर मी नातवाला जवळ बसवून घेतलें, आणि रिकामी पेटी पुढें ठेवून आम्ही एकेका प्राण्याचा विचार करूं लागलों.

प्रथम कायदा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यांत २०२२ मध्यें झालेली दुरुस्ती यांमुळें आपल्या देशांतील साप, कासवें, मगरी, घोरपडी घरांत पाळण्याची मुभा नाहीं. पाठीवर तारे असलेलें सुंदर कासव बाजारांत चोरून विकतात. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर तर २०१९ पासून कडक बंदी आहे. माळावरून सरडा वा पाल उचलून आणण्यास मीं स्वतःच नकार दिला. माझा डबा मला आठवत होता. उरले परदेशी प्राणी. त्यांपैकींही ज्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानें नियंत्रण आहे त्यांची सरकारदरबारीं नोंद करावी लागते. तसे नियम २०२४ च्या फेब्रुवारींत निघाले. तेव्हां पैसे देण्यापूर्वी वन विभागाच्या कचेरींत विचारावें, आणि विक्रेत्यानें पावती देण्यास कांकूं केली तर तेथून उठावें.

नातवाची पहिली निवड लाल कानाच्या कासवाची होती. रुपयाएवढें पिल्लू, हिरवेंगार, कोणालाही मोह पडेल. परंतु तेंच कासव फुटाएवढें होतें आणि तीस वर्षें जगतें. अमेरिकेंत तर चार इंचांहून लहान कासवें विकण्यास १९७५ मध्येंच बंदी झाली, कारण त्यांच्या अंगावरील जंतूंनीं मुलें आजारी पडत. पेटींत मावेना म्हणून लोक हीं कासवें तळ्यांत सोडतात आणि मग तीं तेथल्या मूळच्या कासवांच्या जागा बळकावतात. इग्वाना शेपटीसकट पांच-सहा फुटांचा होतो. शामिलिऑन झाडावर राहणारा. त्याला उंची व खेळती हवा पाहिजे, आणि आमची पेटी बसकी व चारी बाजूंनीं बंद. आफ्रिकेंतील 'बॉल पायथन' नांवाचा लहान अजगर शांत खरा, पण चार-पांच फूट लांब, आणि त्याला उंदीर घालावे लागतात. हें ऐकतांच नातवाच्या आजीनें स्वयंपाकघरांतूनच आपलें मत कळविलें. तें येथें सांगत नाहीं.

शेवटीं एकच नांव उरलें: 'लेपर्ड गेको', म्हणजे बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल. वीतभर लांबीची, जमिनीवर राहणारी, रात्रीं हिंडणारी, कोरड्या प्रदेशांतली, किडे खाणारी आणि परदेशांत पिढ्यान्पिढ्या पेटींतच जन्मणारी. पेटीचा तडा तिला बाधत नाहीं, कारण तिला पाण्यानें भरलेलें टांकें नको. क्षाराचा थर शिरक्यानें निघाला. वर जाळीचें झांकण करवून घेतलें. पूर्वीचे मासे कशानें गेले हें ठाऊक नसल्यामुळें पेटी जंतुनाशकानें धुऊन चार दिवस उन्हांत वाळविली. सर्व सिद्ध झालें असें वाटलें.

मग एका गोष्टीनें आम्हांला अडविलें. या पालीविषयींचीं पुस्तकें थंड देशांत लिहिलेलीं आहेत. तीं सारीं पेटी तापवावी कशी हें शिकवितात. एका टोंकास एकतीस-बत्तीस अंश आणि दुसऱ्या टोंकास पंचवीस, असा त्यांचा हिशेब. सोलापुरांत वैशाखांत बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश होतात. येथें तापविण्याचा प्रश्न थोड्या थंडीपुरता. आठ महिने प्रश्न आहे तो गार टोंक आणावयाचें कोठून हा. मीं पेटीच्या दोन टोंकांस दोन थर्मामीटर ठेवले आणि नातवाला एक वही दिली. सकाळीं सात, दुपारीं तीन आणि रात्रीं नऊ, असे आंकडे त्यानें दोन महिने लिहून काढले. मधल्या खोलींत, पडदे ओढलेले असतांना, पंखा चालू असतांना, मे महिन्यांतील एका दुपारीं दोन्ही टोंकांस अडतीसच अंश होते. त्यानें तो आंकडा लिहिला, थोडा वेळ पेटीकडे पाहिलें आणि विचारलें, "आजोबा, तुमचा सरडा असाच गेला का?" मीं होय म्हटलें.

त्या संध्याकाळीं आम्ही पेटी मधल्या खोलींतून काढून न्हाणीघरालगतच्या उत्तरेकडील कोनाड्यांत हलविली, आणि एका बाजूस मातीची जाड कुंडी पालथी घालून तिच्याभोंवतीं ओली वाळू रचली. तेथें दुपारचा आंकडा पांच अंशांनीं उतरला. पंचवीस तो अजून नाहीं. पाऊस सुरू झाल्यावर काय होतें, आणि पुढच्या वैशाखांत काय होईल, हें वहींत येईल तसें पाहावयाचें ठरलें आहे. तोंवर पाल आणावयाची नाहीं, हें नातवानेंच मला सांगितलें.

मध्यंतरीं मंगळवार पेठेंत गेलों असतां दुकानदारानें ओळखलें. "मास्तर, काय ठेवलंत मग पेटींत?" मीं म्हटलें, "थर्मामीटर." त्याला तें विनोदाचें वाटलें. त्यानें कोपऱ्यांतली आणखी एक पेटी दाखविली, आधींच्याहून मोठी आणि निम्म्या किमतीची. मीं ती घेतली नाहीं.